अकरा पताकांचं प्रात्यक्षिक

"कुलूप काढा, साहेब. माझी पोरं उभी हायेत." गिरिधर मास्तर प्रयोगशाळेच्या दाराला पाठ लावून म्हणाले.

"कुलूप न्हाई निघणार," हेडमास्तर निजामोद्दीनसाहेबांनी मान हलवली. "आत खुर्च्या भरल्यात, सरबताचे पेले भरलेत. सरकारच्या गादीच्या जुबिलीचा हफ्ता हाय, मास्तर. हा जाऊ द्या, मंग करा काय करायचं ते."

"जुम्म्याला प्रात्यक्षिकाचे मार्क हैदराबादला गेले पाह्यजेत. न्हाई गेले तर अकराही पोरांचा विषय धरत न्हाईत."

"मंग अंदाजानं भरा. कोण बघून राह्यलंय?"

इथेच मास्तरांचं डोकं फिरलं. जालन्यात रसायन शिकवायला लागून त्यांना चौदा वर्षं झाली होती. पुस्तक उर्दूत, पण पोरांच्या चेहऱ्यावर अंधार दिसला की मास्तर सरळ मराठीत सांगत. त्याबद्दल दोनदा तंबी मिळाली होती, ती त्यांनी घडी करून खिशात टाकली होती. पण न पाहिलेल्या प्रयोगाला मार्क? ते त्यांनी कधी दिले नव्हते आणि देणारही नव्हते. हट्टच म्हणा.

बुधवारी त्यांनी ओसरीवर वर्ग घेतला. एकीकडे कवायत, दुसरीकडे स्वागतगीत, आणि मधेच बँडवाला एकच सूर धरून बसलेला. मास्तर ओरडून शिकवत होते आणि पोरं तोंडाच्या हालचालीवरून समजून घेत होती. दुपारी गवंडी आले आणि त्यांनी शाळेच्या भिंतींना चुना फासला, तेव्हा ओसरीही गेली.

गुरुवारी दुपारी चारला शिक्षण खात्याचे मोठे साहेब जुबिलीचा सोहळा पाहायला यायचे होते. सकाळी मास्तर फाटकातून आत आले तो अंगणात बोंब उठलेली. हैदराबाद राज्याचा रंग पिवळा, म्हणून शाळेला पिवळ्या पताका हव्या होत्या. पण अख्ख्या गावाला पिवळंच हवं असल्यामुळे बाजारातला रंग संपला होता. शिपाई महेमूदच्या बायकोनं, मदिनानं, घरच्या हळदीत कापड बुडवून पताका केल्या आणि महेमूदनं त्या बुधवारी संध्याकाळी चुन्यानं ओल्या भिंतीवर टांगल्या. सकाळी बघतात तर अकराच्या अकरा लालभडक!

"सरकारचा रंग लाल केला!" निजामोद्दीनसाहेब ओरडले. त्यांनी मास्तरांकडे बोट केलं. "ही तुमचीच करामत!"

महेमूद धावत पुढे आला. "अल्लाकसम, मास्तर, हळदीतच बुडवल्त्या. मदिनाला इचारा."

मास्तरांना हसू आवरेना. "साहेब, हळदीला चुना लागला की ती लाल होते. आमच्या बाया कुंकू असंच करतात. यात बगावत न्हाई, रसायन हाय. महेमूदला काय बोलू नका."

"मंग जल्दी पिवळ्या करा!"

"होतील. पण मी न्हाई करणार, पोरं करतील. इथं अंगणात, एकेकानं एकेक पताका. आन् तेच त्यांचं प्रात्यक्षिक."

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. "करा, बाबा, करा. पण चारच्या आत आटपा."

मदिनानं घमेलंभर चिंचेचं पाणी पाठवलं. मास्तर एकेका मुलाला बोलावत, लाल का झाली ते विचारत आणि मग पिवळी करायला लावत. पिळलेली पताका भिंतीला टेकू न देता दोरीवर बांधायची, हेही प्रयोगातच धरलं होतं. उत्तर मराठीत दिलं काय, उर्दूत दिलं काय, चालत होतं. बदनापूरहून रोज गाडीनं येणारा भालचंद्र शेवटचा होता. तो बोलताना अडखळायचा, म्हणून मास्तरांनी त्याला घाई केली नाही.

आणि साडेतीनलाच मोटार आली. मोठे साहेब उतरले, बँड वाजला. "ये क्या हो रहा है?"

"सजावट, हुजूर, थोडी धुलाई..." निजामोद्दीनसाहेब हार घेऊन पुढे धावले.

"इम्तिहान चल रहा है, हुजूर," मास्तर जागचे हलले नाहीत. "एक लडका बाकी है. पाँच मिनट ठहरना पडेगा."

बँड आपोआप थांबला. मोठे साहेब उन्हात उभे राहिले, हार निजामोद्दीनसाहेबांच्या हातात लोंबत राहिला. भालचंद्रानं पताका बुडवली, पिळली. "चु... चुन्याचा जोर आंबटानं मोडला, मास्तर."

"बराबर. बांध दोरीला," मास्तर म्हणाले आणि मगच वळून त्यांनी सलाम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुकूम आला. गिरिधर मास्तरांची बदली केदारखेड्याच्या प्राथमिक शाळेत; लेखी माफी दिल्यास फेरविचार होईल.

निजामोद्दीनसाहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला, दौत सरकवली. त्यांचा आवाज उतरला होता. "दोन ओळी लिहा, मास्तर. पुढचं मी बघून घेतो. केदारखेड्याला पाटी-पेन्सिल हाय फक्त. काचेची नळी तर तुम्हाला डोळ्यानं दिसायची न्हाई."

त्या नळ्या चौदा वर्षं मास्तरांनी स्वतः धुतल्या होत्या, कुणाला हात लावू दिला नव्हता. क्षणभर त्यांना रडू येईल असं वाटलं. मग त्यांनी टाक उचलला आणि बराच वेळ लिहीत बसले.

साहेबांनी कागद ओढून घेतला. अकरा नावं आणि अकरा मार्क. भालचंद्राचे दोन मार्क कापलेले आणि पुढे शेरा: पताका पिळताना घाई केली. खाली मास्तरांची सही.

"आन् माफी?"

"कागद एकच होता, साहेब. आज जुम्मा हाय, डाक निघेल."

निजामोद्दीनसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला. कोपऱ्यावर मास्तरांच्या अंगठ्याचा, कालच्या हळदीचा पिवळा ठसा उमटला होता. त्यांनी तो पुसला नाही. खण उघडून शिक्का काढला, शाईत दाबला आणि ठशाला धक्का लागणार नाही असा जपून शेजारी उठवला.