जांदिरामावशीची पळी

साल्वादोरच्या आमच्या उतारावर जांदिरामावशी चवळीचे वडे तळते. भरदुपारी एक नॉर्वेचा पाहुणा गळ्यात कॅमेरा अडकवून रस्ता चुकला आणि तिच्या गाडीपाशी आला. मागून आलेल्या एका दांडगटाने त्याच्या मानेला सुरा लावला. आम्ही शेजारी खिडक्या लावून घेऊन आतून शूर झालो. मावशीने मात्र पळीभर उकळतं तेल दांडगटाच्या पायावर ओतलं. तो सुरा टाकून बोंबलत पळाला.

पाहुण्याच्या मानेतून रक्त येत होतं. मावशीने त्यावर फडकं दाबून धरलं. तो मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाला, "तुमचा फोटो काढू?"

"आधी तो कॅमेरा पिशवीत घाल, मेल्या. माझं तेल फुकट येत नाही."

मग हाताला धरून तिने त्याला टॅक्सीपर्यंत पोचवलं. तोवर गाडीवरचे वडे आम्ही संपवले.