चुलीपाशी विचारलेला प्रश्न

बेचाळीस बायका, प्रत्येकीला दहा प्रश्न, आणि उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच. पाचपैकी पाच! एकीने मध्येच दोनदा चार दिले होते, पण तिचा चष्मा म्हणे घरी राहिला होता.

जावातल्या योग्या शहराच्या विद्यापीठात सामाजिक उद्योग आणि त्यांचे परिणाम हा विषय घेतलेल्या पालुपीने ते उत्तरांचे कागद तीनदा चाळले. कुलोन प्रोगोच्या डोंगरातल्या एका वाडीत तिचे सर, पाक मार्गोनो, यांनी चार वर्षांपूर्वी गुळाचा उद्योग उभा केला होता. पुरुष माडावर चढून नीरा काढायचे, बायका ती आटवून करवंटीत ओतायच्या, आणि गुळाच्या ढेपा बाजारात मातीमोल जायच्या. सरांनी ढेपा बंद केल्या, रवाळ गूळ करायला शिकवलं, परदेशी गिऱ्हाईक मिळवून दिलं. आता हाच उद्योग आणखी बारा वाड्यांत न्यायचा होता. त्यासाठी मंत्रालयाला अहवाल हवा होता, आणि तो अहवाल म्हणजेच पालुपीचा प्रबंध.

"वा! इतकं बोलकं काम माझ्या हाताखाली आजवर कुणी केलं नाही," सर म्हणाले. "सोमवारी पाठवून देऊ. तयार आहे ना?"

"हो, सर."

मनात काहीतरी खुपत होतं. पण सरांना नाही म्हणायचं? आमच्या जावात ते कुणाला जमलंय! मोठ्या माणसाने विचारलं की मान खाली आणि तोंडातून 'हो', हे आमचं बाळकडू. शिवाय पदवीदानासाठी आईने कबाया शिवून आणली होती, गल्लीभर सांगून झालं होतं. शिष्यवृत्ती याच सत्रापुरती होती. सोमवार हुकला की सगळंच हुकलं.

शनिवारी वाडीतल्या बू सुमिनींच्या, म्हणजे सुमिनीबाईंच्या, मुलीचं लग्न होतं, म्हणून पालुपी आदल्या दिवशीच वाडीत पोहोचली. एरवी शहरातली पाहुणी आली की तिला पुढच्या खोलीत चटईवर बसवून चहा-केळी समोर ठेवतात. त्या दिवशी सुमिनींनी तिला पाहिलं आणि चटकन हातात सुरी दिली.

"म्बाक पालुपी, ताई, राग मानू नका, पण मागे चला. कांदे पडलेत ढीगभर."

पालुपी चकितच झाली. लग्न असो की मयत, वाडीतल्या बायका आपापली सुरी घेऊन यजमानाच्या चुलीपाशी हजर होतात. याला रेवांग म्हणतात. त्याला आमंत्रण लागत नाही, पण न आलेलीची आठवण वर्षभर राहते. चारशे माणसांच्या जेवणाला तीस-चाळीस सुऱ्या तरी हव्यात. मागच्या स्वयंपाकघरात होत्या चार बायका!

"बाकीच्या कुठे आहेत?" पालुपीने विचारलं.

"कढईपाशी," सुमिनी म्हणाल्या. "नीरा आंबली की तिचा रवा होत नाही, ढेपच होते. ढेप तुमचा उद्योग घेत नाही. तीन खेपा चुकल्या की नाव कापलं जातं. कोण सोडून येणार? मीही गेल्या वर्षी शेजारणीच्या मयताला गेले नाही. आता मला कोण येईल?" त्यांनी दंडाने डोळे पुसले. "कांद्याने येतंय पाणी."

"आणि खांदे गं, खांदे!" दुसरी म्हणाली. "पूर्वी आटवलं, ओतलं, सुटले. आता घोटा, रगडा, चाळा, वाळवा. केस बांधायला हात वर जात नाही माझा."

पालुपीची सुरी थांबली. "पण बू, शेजारपाजारचे संबंध सुधारले का, या प्रश्नाला तुम्ही पाच दिले होते!"

चौघीही हसायला लागल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी पोनिराआजी तर खोकेपर्यंत हसली.

"अगं पोरी, तू उन्हातून चालत आलीस. चटईवर बसून माझ्या हातचा चहा प्यायलीस. म्हणालीस, यावर माझी पदवी आहे. मग तुला काय तीन देऊ? पाचपर्यंतच आकडे होते म्हणून पाच दिले, दहा असते तर दहा दिले असते!"

"म्हणजे मला खोटं सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? मान दिला तुला! तू काय परदेशातून आलीस? पुढच्या खोलीत पाहुण्याला कुणी कडू वाढतं का? घरातलं खरं इथे, चुलीपाशी बोलतात. इथे तू कधी आलीच नाहीस."

पालुपीला कानशिलात बसल्यासारखं झालं. ती याच मातीतली, आणि तिलाच हे सुचलं नव्हतं!

"मग उद्योग बंद व्हायला हवा का?" तिने हळूच विचारलं.

"काहीतरीच काय बोलतेस!" आजी कडाडली. "या गुळावर माझी नात परिचारिका व्हायला गेली. वाडीत कार्य असेल त्या चार दिवसांत आमच्या ढेपा घ्या, एवढंच म्हणणं आहे."

"एवढंच? मग सरांना का नाही सांगितलंत?"

"सर येतात, हात जोडून विचारतात, सगळं ठीक ना? एवढ्या मोठ्या माणसाला नाही कोण म्हणणार? तू म्हणतेस का?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. पालुपीने खाली मान घालून संध्याकाळपर्यंत कांदे चिरले.

सोमवारी सरांनी अहवालावर सही करायला पेन उघडलं. "तयार ना?"

"नाही, सर."

अडखळत का होईना, तिने सगळं सांगितलं.

सरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बेचाळीस बायका खोटं बोलल्या?"

"नाही, सर. त्या रीतीने वागल्या. चूक माझी आहे. मी पाहुणी होऊन विचारलं."

"तुझं सत्र वाया जाईल. शिष्यवृत्ती जाईल. कळतंय तुला?"

"हो, सर."

"मंत्रालय कुणासाठी थांबत नसतं!"

"पण सर, बारा वाड्यांतल्या लग्नांना कांदे कोण चिरणार?"

सर पेनचं टोपण फिरवू लागले.

"किती जणी होत्या सुमिनीकडे?"

"चौघी. मला धरून पाच."

"माझी आई गेली तेव्हा मी तुझ्याएवढा होतो," सर हळू आवाजात म्हणाले. "घरात तांदूळसुद्धा नव्हता. साठ बायका आल्या. सात दिवस आमची चूल त्यांनी पेटती ठेवली. आणि मी..." त्यांनी पेन मिटलं. "मी दर महिन्याला जाऊन विचारतो, सगळं ठीक ना? अरे, हा काय प्रश्न झाला! उत्तर तर मीच त्यांच्या तोंडात घालून येतो!"

अहवाल त्या दिवशी गेला नाही. पालुपीचं सत्र खरंच वाया गेलं. कबाया कपाटात राहिली, आई आठवडाभर धड बोलली नाही, आणि शिकवण्या घेऊन पालुपीने पुढच्या सत्राची सोय केली. कागदाच्या गठ्ठ्याऐवजी ती पिशवीत सुरी घेऊन वाडीत जाऊ लागली. चुलीपाशी बसून तिने तेच दहा प्रश्न पुन्हा विचारले. कमाईला पाचच मिळाले. खांद्यांना दोन, आणि शेजारधर्माला एक.

"हां!" आजी आकडे ऐकून म्हणाली. "आता ही आमची वाडी वाटते."

त्यानंतर उद्योगाचा नियम बदलला. कार्याच्या दिवसांत ढेपाही घ्यायच्या, कुणाचं नाव कापायचं नाही. घोटण्यासाठी यंत्र आलं. बारा वाड्यांचं काम सहा महिने उशिरा सुरू झालं, पण प्रत्येक ठिकाणी पहिली बैठक चुलीपाशी झाली.

पुढच्या लग्नात पोनिराआजीने सुऱ्या मोजल्या. सदतीस! मांडवात बाह्या सरसावून पाक मार्गोनो स्वतः चहा वाटत होते. आजीने एक घोट घेतला आणि सगळ्यांदेखत पेला परत केला.

"सर, चहा अगदी फिका झालाय!"

सुमिनींनी जीभ चावली. आणि सर इतके मोठ्याने हसले, की किटलीतला चहा त्यांच्या पायावर सांडला.

"पालुपी," ते ओरडले, "हे लिहून घे! हे सगळ्यात वर लिही!"

वाचकहो, आपणही कुणाकुणाचं भलं करत असतो. घरातल्या सुनेचं, हाताखालच्या माणसाचं, एखाद्या गावाचं. आणि 'बरं चाललंय ना?' असं विचारून, 'हो' ऐकून समाधानाने घरी येतो. तो 'हो' आपल्या कामाला असतो की आपल्या मोठेपणाला, हे एकदा तपासून पाहा. समोरच्याला आपला चहा फिका आहे असं तोंडावर सांगता आलं पाहिजे. ते सांगता येईपर्यंत आपण त्याचं भलं केलं असं म्हणू नये.