ओरिजिनल आवाज

मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, त्याच्या डोक्यात जायचे. त्यात त्यांनी आपल्या गाडीसाठी कंपनीचा सोडून बाहेरचा क्लच मागवला. मिस्त्रीने तो नाक मुरडतच बसवला, आणि आता गाडी परत गॅरेजच्या दारात उभी होती. क्लचचं पेडल दाबलं की कुंईकुंई, सोडलं की चिडीचूप.

"बेअरिंग रडतंय," मिस्त्री म्हणाला. "रडणारच! कुठलं तरी भंगार उचलून आणायचं आणि वर मिरवायचं. तुमच्या डोक्यात कधी प्रकाश पडणार, दाजी?"

मिस्त्रीने मोठ्या हौसेने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, बेअरिंग काढलं आणि दाजींच्या कानाशी धरून फिरवलं. ते खरखरलं.

"ऐका तुमचं रत्न!"

दाजींनी चष्मा सावरला. "यावर तर कंपनीचा शिक्का आहे."

मिस्त्रीला आता आठवलं. क्लचच्या खोक्यात नवं बेअरिंग होतं. 'असल्या कचऱ्याला मी हात लावत नाही' म्हणत त्यानेच ते बाजूला टाकलं होतं, आणि गाडीतलं जुनं, कंपनीचं, पुसून परत बसवलं होतं.

दाजी खिडकीपाशी गेले. खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक कोरं करकरीत बेअरिंग अडकवलेलं होतं. त्यांनी ते काढून फिरवलं. जराही आवाज आला नाही.

"घ्या, बसवा माझं भंगार," ते म्हणाले. "मेहुणा तेवढा ओरिजिनल पदरी पडलाय, तो काही बदलून मिळत नाही."