असा कोणी इथं राहत नाही

हर्षदीप सर त्यांच्या स्वतःच्या घरात राहत नाहीत, असं बँकेनं फोनवर सांगितलं तेव्हा सर त्याच घरात बसून चहा पीत होते.

सर आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूर मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, मराठी शाळेत शिकवत आणि मावला गावात राहत. घर स्वतःचं, नोकरी सरकारी, पगार उशिरा का होईना, पण नक्की. आयुष्यातलं पहिलं क्रेडिट कार्ड मागायला एवढं पुरे, असा त्यांचा समज होता. त्या कार्डावर विमानतळावरच्या खास खोलीत फुकट बसता येई. आदिलाबादेत विमान उतरत नाही ही गोष्ट वेगळी, सरांना बसायचं नव्हतंच. स्टाफरूममध्ये उद्धवराव सर आपलं कार्ड टेबलावर असं ठेवत, की कोणालाही ते हलवल्याशिवाय रजिस्टर उघडता येऊ नये. पण खरी गोष्ट तीही नव्हती. आजवर सरांनी जे काही मिळवलं ते दाखले, प्रमाणपत्रं देऊन आणि वरून टोमणे खाऊन मिळवलं. एकदा तरी कोणी परक्यानं, कोणाचे कोण न विचारता, ‘तुमच्यावर आमचा भरवसा आहे’ म्हणावं, एवढीच त्यांची हौस होती.

फोनवरची बाई गोड हिंदीत म्हणाली, की तपासणीचा माणूस घरी गेला होता. या नावाचं इथं कोणी राहत नाही, असं एका वृद्ध महिलेनं सांगितलं. सबब अर्ज नामंजूर.

घरात वृद्ध महिला एकच होती. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती.

“माय, मले कोणी विचारत आलतं काय?”

“आलता एक बॅगवाला,” ताराबाई म्हणाल्या. “तुयं पुरं नाव घेऊन विचारून राह्यला, बापाच्या नावासकट. मी म्हणलं, असा कोणी नाई इथं.”

“काऊन पण?”

“पुरं नाव घेऊन येते तो काय चांगल्या कामाले येते?”

“भितीवर माहा एवढा मोठा फोटो हाये!”

“दारातच आडवी उभी राह्यली ना मी. दिसू देल्ला नाई.”

सरांच्या बायकोला, प्रीतीला हसू आवरेना. ती आत निघून गेली. सरांना मात्र हसताही येईना आणि रागावताही.

त्यांचे वडील नागोराव सालगडी होते. मालकाचा माणूस अंधारातच दारात येऊन नावानं हाक मारायचा. ताराबाई दारात जाऊन सांगायच्या, भैंशाच्या बाजाराला गेले, काल गेले, कधी येतात सांगून नाही गेले. नागोराव तेव्हा ज्वारीच्या कणगीमागं बसलेले असायचे. एकदाच ताराबाई खरं बोलल्या. घरातच हायेत, म्हणाल्या, पण तापानं फणफणले हायेत. माणसानं ते नीट ऐकून घेतलं आणि तापासकट त्यांना उठवून नेलं. नागोराव परत आले ते बैलगाडीत आडवे. पुढं बरे झाले, पण मळणीला त्यांचे हात पहिल्यासारखे कधी चालले नाहीत. हे सगळं माहीत असलेल्या मुलाला आईवर ओरडायची सोय उरत नाही.

बँकेनं मेहेरबानी केली. माणूस उद्या पुन्हा एकदा येईल, म्हणाली. उद्या सरांची परीक्षेची ड्यूटी होती आणि प्रीतीची अंगणवाडीत बैठक. म्हणजे सगळी मदार ताराबाईंवर. रात्रीच्या जेवणाआधी प्रीती खांद्याला पिशवी लावून, बँकेचा माणूस बनून दारात उभी राहिली.

“अम्मा, हर्षदीप सर यहींच रहते क्या?”

“कोण हर्षदीप?”

“आत्याबाई!”

“अवं, सवयीनं निंगालं.” मग सराव सोडून त्या मुलाकडं वळल्या. “धरून तं नाई नेणार ना तुले?”

“नाई माय. ते मलेच कार्ड देऊन राह्यले.”

“फुकट?”

एवढा नेमका प्रश्न सरांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी आपलं काम चोख केलं. ठेवणीतलं पातळ नेसल्या, माणसाला पाणी दिलं, आत बोलावून फोटो दाखवला. “हा माहा पोरगा. इथंच राहते. रात्री बी इथंच झोपते,” असं विचारलं त्याहून जास्त सांगितलं. माणूस लिहून घेऊन गेला. ताराबाई उंबऱ्यावरच बसून राहिल्या, सर शाळेतून येईपर्यंत. त्यांची गाडी दिसली तेव्हाच उठल्या.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मेसेज आला. बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. सरांनी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन बँकेला फोन लावला. पत्ता बरोबर आहे, म्हणाले. तपासणीही चांगली झाली आहे. मग कारण? “कारण आम्हालाही दिसत नाही, सर.”

पहिल्या नकाराला निदान एक आई होती. या नकाराला कोणीच नव्हतं. सर फाटकाशी बराच वेळ उभे राहिले. आत घंटा झाली तरी पाय निघेना. कार्डाचं दुःख गिळता आलं असतं. पण माय इतक्या वर्षांनी दारात उभी राहून पुन्हा एकदा खरं बोलली होती, आणि त्याचं हे असं झालं होतं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी त्यांनी पगाराच्या खात्याचं जुनं एटीएम कार्ड शर्टाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

“आलं माय, कार्ड.”

ताराबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं, अंगठ्यानं चाचपलं आणि परत दिलं.

“खोटं बोलून राह्यला तू.”

सरांनी कार्ड खिशात घातलं.

“खाली पाहून बोलला. समोरच्याच्या डोळ्यात पाहा लागते, पापणी हालवा लागत नाही. तुह्या बापाले बी जमे नाई, म्हून तं मी दारात जावो.” मग त्यांनीच विचारलं, “नाई म्हणले ना ते?”

“नाई म्हणले.”

“माह्या बोलण्यानं?”

“नाई माय. तुह्या बोलण्यानं नाई.”

ताराबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या. सरांनी नजर हलू दिली नाही. हे खरं होतं, तरी ते खोट्यासारखं, पापणी न हलवता सांगायला त्यांना फार जड गेलं.

“हाव,” ताराबाईंनी शेवटी मान डोलावली, आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेल्या.