डॉल्बीवरचा हंबरडा

पेठेत डॉल्बी लागला की आक्काताई खिडक्या लावून घ्यायची आणि दोन शिव्या हासडून मोकळी व्हायची. फुटबॉलची मॅच जिंकली, डॉल्बी. कुणाचा वाढदिवस, डॉल्बी. गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली तरी वाजवतील अशी ही पेठ. त्या सकाळी मात्र तिचा हात कडीवरच थांबला. हलगीच्या ठेक्यावर एक बाई ओरडत होती, "सोडू नगासा त्येंस्नी! एकालाबी सोडू नगासा!" ठेका पडायचा, पुन्हा तीच बाई, पुन्हा ठेका. खाली पोरं शिट्ट्या मारत होती.

ती बाई म्हणजे ती स्वतःच होती.

गेल्या महिन्यात तिचा एकुलता एक विश्वजित मित्रांबरोबर बर्फ बघायला गेला आणि अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडला. शवपेटी दारात उतरली तेव्हा चॅनेलवाल्यांनी तिच्या तोंडापुढे माईक धरला आणि तिच्या पोटातून हे निघालं. ती ते मनापासून बोलली होती, आणि त्याची तिला आजही लाज नव्हती.

काल रात्री आपल्या सैन्याने सीमेपलीकडे बॉम्ब टाकले. सकाळपासून टीव्हीपुढे बसून ती एकच गोष्ट शोधत होती, विश्वजितला मारणारे त्यात मेले का. निवेदक घसा ताणून 'बदला, बदला' करत होता, पण तेवढं काही सांगत नव्हता. मधेच तिकडची एक बाई दाखवली, पडक्या भिंतीशी बसलेली. ती काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं, कारण वर ढणाढणा संगीत लावलं होतं. मारेकऱ्याची आई असेल, नाहीतर कुणा भलत्याचीच असेल. पण ते तोंड हंबरड्यानं उघडलंय हे आक्काताईने बरोबर ओळखलं. तिला दया आली नाही, संताप आला. कुणाचा, ते तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात बाळासो आला. यंदा महापालिकेला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं, त्यामुळे सध्या तो कुणाच्याही दारात हसतच उभा राहायचा. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात गुलालाची थाळी. ज्या घरात वर्षभर कुठला सण होणार नव्हता, त्या घरात हा शहाणा पेढे घेऊन आला होता.

"आक्का, घेतला की बदला! चला, चौकात स्टेज घातलंय. पयला गुलाल तुमच्या हातनं."

"कुणी घेतला? तू गेलतास व्हय?"

"तसं न्हवं ओ. आपल्या जवानांनी."

"बरं केलं त्येंनी. माझ्या पोराला मारणारं घावलं का त्यात?"

"आता ते बारीकसारीक कशाला काढताय, आक्का? नाक ठेचलं की न्हाय त्येंचं?"

बारीकसारीक! आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्या आधीच चौकाकडे निघाली. बिचाऱ्याला वाटलं, काम झालं.

चौकात फ्लेक्स लागला होता. बाळासोचं तोंड दरवाजाएवढं, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि कोपऱ्यात विश्वजित, गॉगल लावून हसणारा. फोटोला हारसुद्धा नव्हता. बाळासोच्या वाढदिवसाचा जुना बोर्डच त्यांनी पुन्हा वापरला होता. आक्काताईने तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

डॉल्बी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता आणि बटणांपाशी कामिल बसला होता, शेजारच्या खैरुनबीचा मुलगा. विश्वजित आणि तो तालमीच्या फुटबॉल संघात एकत्र खेळलेले. तिरडीला त्याचाही खांदा होता.

"कामिल, ह्ये तू केलंस?"

त्याने मान वर केली नाही. "त्येंनी तुमची क्लिप आणून दिली, काकी. म्हणाले, ठेका घाल. न्हाय म्हटलं असतं तर उद्या आमच्याच दाराम्होरं वाजवली असती. सकाळपास्नं अम्मीनं दार उघडलं न्हाय."

शवपेटी आली त्या दिवसापासून खैरुनबी आक्काताईच्या घरात चूल पेटवत होती, घास भरवत होती. आणि आज तिलाच घाबरवायला हे लोक आक्काताईचा गळा वापरत होते. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"बंद कर."

कामिलने आवाज बंद केला. स्टेजवरून बाळासो ओरडला, "ए कामिल, का थांबलास? तुला दुखतंय व्हय बदला घेतलेला?"

चौकातली सगळी तोंडं कामिलकडे वळली.

"त्येला काय इचारतोस? आवाज माझा हाय!" आक्काताईने ट्रॉलीवरचा माईक ओढून घेतला. "कामिल, आता बोलतीया ते टेप कर."

आणि ती बोलली. "सोडू नगासा, ह्ये माझंच बोलणं हाय. मागं घ्यायची न्हाय. ज्यानं माझ्या विश्वजितला मारलं, त्येला सोडू नगासा. त्येचं नाव सांगा. त्यो मेला का सांगा. मेला असंल तर सीमेवर जाऊन जवानांच्या पाया पडीन. ठावं न्हाय? मग ठावं हुईस्तवर गुलाल खाली ठेवा. कोण मेलंय ह्येचा पत्ता न्हाय आन् नाचतासा? मॅच हाय काय ही? आन् माझ्या पोराच्या मढ्यावर मतं मागाय कुणी सांगितलं तुमास्नी?"

"आक्का, सैन्याविरुद्ध बोलू नका!"

"सैन्याला कोण बोललं? तुला बोलतीया."

कुणीतरी हसलं. बाळासोचा चेहरा उतरला. त्याने स्वतःच्या माईकवरून बोंब ठोकली, "कामिल, लाव रं पयलं!"

कामिलचं बोट बटणांवर होतं. त्याने आक्काताईकडे पाहिलं. दार त्याचं होतं, आई त्याची होती, त्याला ती काय सांगणार? त्याने बटण दाबलं.

हलगीचा ठेका पडला. पोरांनी सवयीने हात वर केले. आणि भिंती हादरवत आवाज आला, "त्येचं नाव सांगा! त्यो मेला का सांगा!" ठेका. "त्येचं नाव सांगा! त्यो मेला का सांगा!"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. बाळासोच्या मुठीतला गुलाल मुठीतच राहिला. आक्काताईने डोळ्यांना पदर लावला, ट्रॉलीला पाठ टेकली आणि कामिलला म्हणाली, "मोठ्यानं लाव की रं."