डावा गुडघा

तासगावच्या अलीकडची बेदाण्याची शेड दिसली, तसा उदयसिंह लंगडायला लागला.

म्हसवडपासून इथवर तो चार दिवस ताठ चालत आला होता. पण इथून पुढं थोरल्या बहिणीचं, चंद्राआक्काचं गाव, ओळखीची माणसं. आणि ओळखीच्यांच्या लेखी बावीस वर्षांपूर्वी फौजेनं त्याला घरी धाडलं ते डाव्या गुडघ्यापायी. तो गुडघा त्यानं इमानानं सांभाळला होता. लग्न केलं नाही, तिथंही गुडघ्याचंच कारण चालून गेलं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्याही गुडघ्याच्याच नावावर होत्या.

छातीवर पाटी होती : 'मिरगीला लाजू नका, लपवू नका'. साताऱ्याच्या संस्थेनं पदयात्रा काढली तेव्हा एकवीस जण होते. त्यातले अठरा फोटोपुरते. उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न आठवलं. तेव्हापासून उदयसिंह एकटाच यात्रा होता. एकट्यानं घोषणा दिल्या तर लोक भलतंच समजतात, म्हणून तो मुकाट पत्रकं वाटत चालत होता.

शेडच्या दारात हुसेन व्यापारी उभा होता.

"फौजी, तुमच्या घरात कुणाला हाय व्हय ह्यो आजार?"

"न्हाई. समाजासाठी चालतोय."

"आन् त्यो गुडघा घिऊन? लय मोठं काळीज गड्या तुमचं!"

हुसेननं ओंजळभर बेदाणे दिले. उदयसिंहानं ते न खाता खिशात टाकले.

चंद्राआक्का उंबऱ्यातच बसली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पोरं पुण्याला. तिनं जेवायला वाढलं आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काय लिवलंय रं कागदावर? वाच की. मला कुठं येतंय."

उदयसिंहानं पत्रक उघडलं. रस्ताभर वाटून पाठ झालं होतं, तरी त्यानं कागदात बघूनच वाचलं.

"झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावं..."

"चप्पल न्हाई हुंगवायची?"

"न्हाई आक्का."

"मी हुंगवली हुती की एकदा."

"कुणाला?"

"हुती एका माणसाला." तिनं ताटात आमटी वाढली. "नवी चप्पल हुती. मग वाटलं, नव्या चपलीला वास कुठला? म्हून ह्यांची जुनी आणली."

उदयसिंहाचा घास हातातच राहिला. फौजेतून आल्यावर पहिल्याच साली या घरात तो पहाटे जमिनीवर जागा झाला होता. जीभ चावलेली. आक्का उशाशी बसलेली. 'कॉट लय डुगडुगती, पडलास,' एवढंच म्हणाली होती.

त्यानंतर त्याला या घरात कधी कॉट मिळाली नाही. दाजींना कॉट, पाव्हण्यांना कॉट, आणि सख्ख्या भावाला भुईवर वाकळ. बावीस वर्षं त्यानं हे मनात धरलं होतं. येणंही त्यापायीच कमी केलं होतं.

"पुढं काय लिवलंय?"

"आजूबाजूच्या टणक वस्तू..." त्यानं भुईकडं पाहिलं. "दूर सरकवाव्यात."

"ते म्हाईत हाय," आक्का म्हणाली, आणि हात धुवून उठली.

तिनं सोप्यात मधोमध वाकळ अंथरली. भिंतीकडची लोखंडी ट्रंक दोन्ही हातांनी ओढत स्वैपाकघरात नेली. मग पाटा. मग वरवंटा. साठीतली बाई, वाकून, नेहमीच्या सवयीनं.

"पड जरा. दमला असशील."

उदयसिंह उठला. ताटापासून वाकळेपर्यंत दहाएक पावलं होती. तो सरळ चालत गेला.

आक्कानं पाहिलं.

"गुडघा?"

"बरा हाय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दारातल्या त्याच्या चपला उचलून बाहेर ठेवल्या.