अरवाने अडवलेली कपात

सौदीतल्या यान्बूच्या त्या कंत्राटी कंपनीत पगाराचं काम करता करता फकरुद्दीनचे केस पिकले होते. आता परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या सरकारी धोरणात, सौदीकरणात, त्याची खुर्ची जाणार होती आणि तिथे बसायला अरवा आली होती. जेद्दाला शिकलेली, पंचविशीतली सौदी मुलगी. तिला काम शिकवायचं आणि आपल्या गावाची, श्रीवर्धनची वाट धरायची, एवढंच त्याच्या हाती उरलं होतं. तो शिकवत होता, पण तोंडदेखलं.

त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या बायकामुलांवरचा सरकारी कर दुप्पट झाला. इकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण करताना तो वर्षभराचा एकदम भरावा लागे. कंपनी भरायची आणि कामगाराच्या पुढच्याच पगारातून सगळा कापून घ्यायची.

सप्टेंबरात पाळी आली वेल्डिंगचा फोरमन दौलतची. तो ऑफिसात आला तो तिकिटाचं विचारायलाच.

"फकरुद्दीनभाई, अनिताला आणि पोरांना गावी धाडतो. पगारच हातात येणार नाही तर खायचं काय?"

"आणि शाळा?"

"अर्ध्यातच सोडायची. दुसरं काय करणार?"

अरवाला मराठी कळत नव्हती, पण दौलतचा चेहरा कळला. तो गेल्यावर तिने विचारलं, "अबू नबील, काय झालं?" नबीलचा बाप म्हणून ती त्याला त्याच नावाने हाक मारी. त्याने सांगितलं.

"मग दरमहा थोडं थोडं का कापत नाही?"

"वरचा हुकूम आहे, बेटी."

ती उठली आणि थेट फायनान्स मॅनेजर जलालसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. फकरुद्दीन धसकून मागोमाग गेला.

"माणूस मध्येच नोकरी सोडून गेला तर?" जलालसाहेब गुरकावले.

"त्याची सेवासमाप्तीची रक्कम आपल्याकडेच असते. बाकी राहिलेलं त्यातून वळतं करा, असं तो लिहून देईल."

"तू नवीन आहेस."

"हो. पण पगारपत्रकावर आता सही माझी लागते. माणसाच्या संमतीशिवाय अख्खा पगार कापलेल्या कागदावर मी ती करणार नाही."

इतक्या वर्षांत त्या टेबलासमोर असं कुणी बोललेलं फकरुद्दीनने ऐकलं नव्हतं. आणि मुलीचा आवाजही चढला नव्हता. ते ऐकून त्याच्या मनातली अढी गळून पडली. तो पुढे झाला. "साहेब, हिशेब मी बसवून देतो. एक रियाल बुडणार नाही."

"बुडला तर दोघांना धरीन," म्हणत जलालसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

मग कुटुंब असलेल्या एकेका कामगाराला अरवाने बोलावलं आणि विचारलं, "महिन्याला किती झेपेल?" कुणी कमी सांगे, कुणी ईदनंतर जास्त कापा म्हणे. फकरुद्दीन हिंदी-मराठीतून समजावून देई. आता तो तिला आडपडदा न ठेवता शिकवू लागला, अगदी स्वतः ठेचा खाऊन शिकलेल्या गोष्टीसुद्धा.

दौलतची पोरं परीक्षेपर्यंत राहिली. पुढच्या वर्षी कर पुन्हा वाढला, तेव्हा काही कुटुंबं गेलीच. ते अरवाच्याही हातात नव्हतं.

त्याआधीच, तो हिवाळा सरता सरता फकरुद्दीन निघाला. विमानतळावरून त्याने बायकोला, अख्तरीला, फोन केला.

"नोकरी गेली म्हणून जीव जाळू नका," ती म्हणाली.

"नाही गं. ती पोरगी बघायला हवी होतीस तू. आपल्या लेकीएवढी, इफराएवढी आहे. आणि काय हिंमत आहे तिची!"

विमानाची घोषणा झाली तरी तो तिचंच सांगत होता.